एकवीस आणि वीस एक : एका वादाची फेरतपासणी

२०१९ च्या जून महिन्यात शाळा सुरू झाल्या आणि बालभारतीचे दुसरीच्या गणिताचे नवे पुस्तक घरोघर पोचले. त्यात एकवीसच्या पुढच्या संख्या 'वीस एक, वीस दोन, वीस तीन' अशा वाचून दाखवल्या होत्या. त्रेसष्टला 'साठ तीन', ब्याण्णवला 'नव्वद दोन'. जुनी नावे पुस्तकातून काढून टाकलेली नव्हती, ती सोबत होतीच. पण बातमी पसरली ती 'बालभारतीने मराठी आकडे बदलले' अशी. वृत्तपत्रांत पत्रे आली, दूरचित्रवाणीवर चर्चा रंगल्या. विधानसभेत विषय निघाला आणि तेथे तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वर कोट्याही झाल्या. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात, जेथे मराठी शाळेत मूल घालणे हा पालकांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, तेथे तर शाळेच्या फाटकापासून लोकलच्या डब्यापर्यंत हाच विषय होता.

या वादाला आता बरीच वर्षे झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी या बदलाची बाजू शांतपणे मांडली होती. २०२३ साली त्यांचे निधन झाले. वाद शमला, म्हणून प्रश्न सुटला असे नाही. लहान मुलांना शाळेत काय शिकवावे, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे का, आणि त्यांनी विचारले तर शिक्षकाने काय उत्तर द्यावे, हा प्रश्न दरवर्षी नव्या रूपात समोर येतो. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याच्या निर्णयावर तो पुन्हा आला. एप्रिलमध्ये काढलेला शासन निर्णय जूनअखेर मागे घ्यावा लागला. म्हणून 'वीस एक'चे प्रकरण आता, धुरळा खाली बसल्यावर, पुन्हा तपासून पाहावे असे आम्हांला वाटते. पुस्तकाचे काय बरोबर होते, काय चुकले, आणि पालकांच्या कोणत्या शंकांना दम होता?

नावात दडलेले अंक

सुरुवात मुलापासून करू. सहा-सात वर्षांचे मूल 'बावन्न' हा शब्द ऐकते. त्याला पन्नास माहीत आहे, दोन माहीत आहे. पण 'बावन्न' या शब्दात त्याच्या कानांना ना 'पन्नास' ऐकू येते, ना 'दोन'. आपल्या भाषेत या 'दोन'ची किती रूपे आहेत ते पाहा : बावीसमध्ये तो 'बा' आहे, बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे', ब्याऐंशीत 'ब्या'. 'सहा'ची गंमत आणखी मोठी : सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. दशकांचेही तसेच. पन्नास कधी 'वन्न' होतो तर कधी 'पन्न', साठ 'सष्ट' होतो, सत्तर 'हत्तर' होतो आणि नव्वद 'ण्णव'.

हे का झाले? ही नावे संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत हजारो तोंडांतून घासत आली. 'द्वाविंशति' म्हणताना दोन आणि वीस वेगळे ओळखू येत होते. घासून घासून त्याचा 'बावीस' झाला आणि सांधा बुजला. हिंदी, गुजराती, कोकणी या भगिनी भाषांतही हेच घडले आहे. भाषेच्या दृष्टीने यात काही वाईट नाही. रोजच्या वापरातले शब्द असेच गुळगुळीत होतात. पण शिकणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. एक ते नव्याण्णव मोजण्यासाठी मराठी मुलाला जवळजवळ नव्याण्णव शब्द पाठ करावे लागतात. 'वीस एक' पद्धतीत एक ते वीस हे वीस शब्द आणि तीस ते नव्वद ही सात दशके, असे सत्तावीस शब्द पुरतात. बाकीचे मूल स्वतः तयार करू शकते.

दुसरी अडचण क्रमाची. 'पंचवीस' म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ५. म्हणजे ऐकणे एका दिशेने आणि लिहिणे दुसऱ्या दिशेने. शंभराच्या पुढे तर हा क्रम आणखी वळसे घेतो. 'एकशे पंचवीस' म्हणताना आधी शतक, मग एकक, मग दशक. लिहायचे मात्र शतक, दशक, एकक. दुसरीतल्या मुलाने छत्तीसऐवजी ६३ लिहिले, तर त्याचे लक्ष नव्हते असे आपण म्हणतो. वास्तविक त्याने ऐकले तसेच इमानाने लिहिलेले असते.

तिसरी अडचण 'एकोण'ची. एकोणसाठ म्हणजे साठाला एक उणा. हे नाव वजाबाकीवर उभे आहे. मुलाच्या कानांवर मात्र 'एक' आणि 'साठ' पडते आणि ते ६१ लिहून मोकळे होते. बरे, हा नियम तरी शेवटपर्यंत पाळला जातो का? एकोणनव्वदपर्यंत नऊच्या सगळ्या घरांत 'एकोण' आहे आणि मग अचानक 'नव्याण्णव' येतो. एकोणशंभर कोणी म्हणत नाही.

शून्यासह दहा अंकांनी आणि स्थानमूल्याने कोणतीही संख्या लिहिण्याची पद्धत भारतात घडली, याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. त्या पद्धतीचे सारे सौंदर्य अंकाच्या जागेत आहे. आणि आपली बोलीतली संख्यानामे नेमकी ती जागाच झाकून टाकतात. पुस्तकाच्या निर्मात्यांनी हे दुखणे अचूक ओळखले होते. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

इतरत्र काय दिसते

हे दुखणे मराठीपुरते नाही. जर्मन भाषेतही पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांना संख्या सांगून त्या अंकांत लिहायला लावल्या, तेव्हा त्यांच्या चुकांपैकी साधारण निम्म्या चुका या उलटापालटीशी जोडलेल्या होत्या, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. चेक भाषेत तर दोन्ही पद्धती प्रचारात आहेत, 'वीस पाच' आणि 'पाच-वीस'. तेथे तीच मुले, तीच शाळा, फक्त नाव वेगळे अशी तुलना करता आली. आणि उलट्या नावांनी सांगितलेल्या संख्या लिहिताना मुले जास्त चुकली.

चिनी भाषेत अकराला 'दहा एक' आणि एकवीसला 'दोन दहा एक' म्हणतात. चिनी आणि अमेरिकन बालकांची मोजणी संशोधकांनी १९९५ च्या सुमारास तपासली. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुले सारखीच होती. अंतर पडू लागले ते अकरापासून पुढे, जेथे इंग्रजी नावे वाकडी होतात आणि चिनी नावे सरळ राहतात.

नॉर्वेने तर आख्ख्या देशाची संख्यानामे कायद्याने बदलली. तेथे पूर्वी 'एक आणि वीस' म्हणत. दूरध्वनी केंद्रांवर क्रमांक सांगताना घोटाळे होऊ लागले, तेव्हा टेलिफोन खात्यानेच आग्रह धरला आणि १ जुलै १९५१ पासून शाळांत व सरकारी कामकाजात 'वीस एक' ही पद्धत आली. सत्तर वर्षांनंतरही जुनी पद्धत बोलण्यातून पूर्ण गेलेली नाही. दोन्ही नांदतात आणि नॉर्वेजियन भाषा बुडाली असे कोणी म्हणत नाही.

पण इतक्या लांब कशाला जायचे? डोंबिवलीच्या ज्या इमारतीत एका मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर कानडी आणि तिसऱ्यावर तमिळ कुटुंब राहते, तेथे जिन्यातच ही तुलना करता येते. कानडीत वीस म्हणजे 'इप्पत्तु', एक म्हणजे 'ओंदु', आणि एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु'. तेलुगूत वीस 'इरवै', एक 'ओकटि' आणि एकवीस 'इरवै ओकटि'. तमिळ आणि मल्याळममध्येही रचना हीच. सीमाभागात बेळगावच्या मराठी शाळेतले मूल तर दोन्ही रचना एकाच वेळी वापरते : घरी एकवीस, बाजारात इप्पत्तोंदु.

खुद्द मराठीतही 'मोठे आधी' ही रचना परकी नाही. खेड्यातल्या ज्या आजीला शाळा दिसली नाही, ती 'तीन विसा नि पाच' असा हिशेब करी. आधी विसांचे गठ्ठे, मग सुटे. 'साठ पाच' ही त्याच कुळातली रचना आहे. तेव्हा 'वीस एक' म्हणजे इंग्रजीची नक्कल, हा आक्षेप टिकत नाही.

मात्र परदेशी अभ्यासांतून आपल्याला हवे तेवढेच उचलणे बरोबर नाही. वेल्श भाषेत जुनी विसांवर आधारलेली पद्धत आहे आणि शाळेतल्या गणितासाठी दहांवर आधारलेली सरळ पद्धत आहे. सरळ पद्धतीने शिकणारी मुले दोन अंकी संख्या वाचण्यात आणि त्यांतली मोठी-लहान ओळखण्यात सरस ठरली. पण एकूण अंकगणितात ती पुढे गेली असे दिसले नाही. चिनी मुलांच्या गणिताचे सारे श्रेयही केवळ शब्दांना देता येत नाही. शिकवण्याची तऱ्हा, घरचा सराव, शिक्षकाची तयारी हे सगळे त्यात येते. थोडक्यात, सरळ नावांनी दार उघडते. आत चालत जावे लागतेच.

पालकांच्या शंका, एकेक करून

आता पालकांकडे वळू. त्यांच्या आक्षेपांची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली आणि त्यांनीही पुस्तकाची केली. थट्टा बाजूला ठेवली तर चार शंका उरतात.

पहिली शंका : बाहेरच्या जगात मुलाचे काय होणार? कल्याणच्या लक्ष्मी मार्केटात किंवा ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भाजीवाला 'पस्तीस' म्हणणार, फलाटावरची घोषणा 'आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी' अशी होणार. 'तीस पाच' आणि 'पन्नास तीन' शिकलेल्या मुलाला हे कळेल का? ही शंका रास्त आहे. शाळेने शिकवलेली भाषा आणि समाजाची भाषा यांत अंतर पडले तर त्रास मुलालाच होतो. उत्तर एवढेच की पुस्तकाने जुनी नावे सोडायला सांगितले नव्हते. त्रेपन्न कळलेच पाहिजे. प्रश्न आधी काय आणि मग काय, एवढाच होता.

दुसरी शंका : पाढ्यांचे काय? ही शंका आम्हांला सर्वांत वजनदार वाटते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले गेले. 'सात आठे छप्पन्न' यात एक ठेका आहे. 'सात आठे पन्नास सहा' यात तो मोडतो. हा केवळ कानाच्या सवयीचा प्रश्न नाही. आखूड शब्द मनात धरून ठेवायला सोपे असतात. तोंडी हिशेब करताना मधली उत्तरे काही क्षण डोक्यात ठेवावी लागतात आणि तेथे एका शब्दाचे 'छप्पन्न' दोन शब्दांच्या 'पन्नास सहा'पेक्षा सोयीचे पडते. म्हणजे जी नावे समजायला कठीण, तीच एकदा समजल्यावर वापरायला सुटसुटीत. ज्या पिढीने पाढ्यांबरोबर पावकी, निमकी आणि दीडकीही म्हटली, तिला हे अनुभवाने ठाऊक होते. पालकांना ते नेमक्या शब्दांत सांगता आले नाही, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

तिसरी शंका : घरी अभ्यास कोण घेणार? आपल्या या पट्ट्यात आई-वडील सकाळची गाडी पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळात मूल आजी-आजोबांकडे, पाळणाघरात किंवा शिकवणीला असते. त्या सर्वांना नवी पद्धत माहीत नसेल तर मुलाला एकाच संख्येची दोन नावे दोन अधिकारी व्यक्तींकडून ऐकावी लागतील आणि दोघेही 'माझेच बरोबर' म्हणतील. ही अडचण खरी होती. पण तिचा उपाय पद्धत रद्द करण्यात नव्हता, ती समजावून देण्यात होता.

चौथी शंका : मराठीचे काय होणार? एकवीस, बावीस हे शब्द गेले तर भाषेचा एक तुकडा जाईल, ही भीती. या भीतीचा आदर ठेवूनच आम्हांला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ठाण्यात किंवा डोंबिवलीत इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला 'एकोणसाठ' म्हणून पाहावे. बहुधा ते क्षणभर थांबेल आणि 'म्हणजे फिफ्टी नाइन?' असे विचारील. दूरध्वनी क्रमांक मराठी माणूस मराठी माणसाला इंग्रजीतून सांगतो. अनेक मराठी शाळांतही गणित इंग्रजीतून चालते. एकोणसाठ हा शब्द दुसरीच्या पुस्तकामुळे धोक्यात आलेला नाही. तो आपण घरात वापरत नाही म्हणून धोक्यात आहे. मराठी माध्यमातल्या सात वर्षांच्या मुलाने त्याचे ओझे एकट्याने वाहावे, अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

पुस्तकाचे काय चुकले

मग पुस्तक निर्दोष होते का? नाही. आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप कारणांच्या मांडणीवर. बदलाचे समर्थन करताना जोडाक्षरांचा मुद्दा फार पुढे आला. त्र्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याहत्तर असे शब्द मुलांना कठीण जातात, असे सांगितले गेले. हे खरे असले तरी गौण आहे. मूल बोलते आधी आणि लिहिते नंतर; जोडाक्षरे ते बोलण्यात सहज पेलते. अक्षरी लेखन अवघड असेल तर ते दुसरीऐवजी चौथीत घ्यावे, एवढेच त्यातून सिद्ध होते. खरे कारण दशक-एककाच्या झाकलेपणाचे आणि उलट्या क्रमाचे होते. तेही सांगितले गेले, पण जोडाक्षरांच्या गलबल्यात ते दबले. परिणामी 'आम्ही नाही का शिकलो जोडाक्षरे?' असे म्हणून लोकांना विषय झटकता आला.

दुसरा आक्षेप वेळेचा. बदलाची कारणे बहुतेक पालकांच्या कानांवर पडली ती वाद पेटल्यावर. ती त्याआधी, पुस्तकाबरोबरच जायला हवी होती. 'हे असे का' आणि 'घरी काय करावे' एवढे सांगणारे एक पान पुरले असते. पाठ्यपुस्तक शिक्षकाच्या हातात जाते तसे आजोबांच्याही हातात जाते, हे आपल्याकडे विसरले जाते. विज्ञानात आपण म्हणतो की दावा केला की पुरावाही पुढे ठेवावा. हाच नियम पाठ्यपुस्तकाला लागू नाही का? मूठभर शाळांत एक वर्ष दोन्ही रीतींनी शिकवून, मुलांच्या चुका मोजून, त्या तक्त्यासह बदल जाहीर केला असता, तर चर्चा कोट्यांवर न होता आकड्यांवर झाली असती.

तिसरा आक्षेप जरा खोलातला आहे. नाव बदलले म्हणजे समज येते असे नाही. 'साठ तीन' हे शब्दही मूल पोपटासारखे म्हणू शकते. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या हाताखालून गेल्या नसतील, तर 'साठ तीन' ऐकून ६०३ लिहिणारे मूलही सापडेल. आधी ६० लिहिले, मग ३ लिहिले, त्याच्या दृष्टीने काम चोख. सरळ नावांची स्वतःची अशी एक चूक असते आणि तिची पूर्वसूचना शिक्षकाला मिळायला हवी. 'वीस एक' हा शिडीचा पाय आहे. तो ज्यावर टेकवायचा ती जमीन म्हणजे काड्या, मणी आणि नाणी.

वर्गात काय करता येईल

२०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या मुलाने ९९ पर्यंत, दुसरीच्या मुलाने ९९९ पर्यंत आणि तिसरीच्या मुलाने ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात अशी अपेक्षा आहे. ती पुरी करायची तर संख्यानामांची ही अडचण ओलांडावीच लागेल, पुस्तकात कोणतीही पद्धत छापलेली असो. त्यासाठी तीन साध्या गोष्टी सुचवतो.

एक. वर्गात दहा संख्या तोंडी सांगाव्या आणि मुलांनी त्या अंकांत लिहाव्या : पंचवीस, बावन्न, छत्तीस, त्रेसष्ट, सत्त्याहत्तर, चौऱ्याऐंशी, एकोणसाठ, एकोणऐंशी, सत्त्याण्णव, एकशे सात. वह्या तपासताना नुसती फुली मारू नये, चुकांची वर्गवारी करावी. छत्तीसचे ६३ झाले तर ती क्रमाची चूक. एकोणसाठचे ६१ किंवा ६९ झाले तर ती 'एकोण'ची. सत्त्याहत्तरच्या जागी ८७ किंवा ९७ आले तर ती सारख्या ध्वनींची. एकशे सातचे १००७ झाले तर ती स्थानमूल्याची. चारही चुकांना एकच औषध लागू पडत नाही. पहिल्या तिन्हींत मुलाला संख्या कळलेली असते, नाव कळलेले नसते. चौथीत नाव कळलेले असते, संख्या लिहिण्याची रीत कळलेली नसते.

दोन. कोणतीही नवी संख्या तीन पायऱ्यांनी आणावी. आधी वस्तू : दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या, किंवा दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. मग त्याचे सरळ वर्णन : 'पाच दहा म्हणजे पन्नास, आणि दोन'. आणि शेवटी व्यवहारातले नाव : 'याला आपण बावन्न म्हणतो'. 'याला आपण म्हणतो' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यातून मुलाला कळते की संख्या एक गोष्ट आणि तिचे नाव दुसरी. घरात ज्याला बंड्या म्हणतात त्याचे हजेरीपटावर दुसरे नाव असते, हे त्याला ठाऊकच असते. पाढ्यांत छप्पन्नच राहू द्यावे. मात्र ठेका पक्का झाला की मधूनच विचारावे, 'छप्पन्न म्हणजे किती दहा आणि किती सुटे?'

तीन. पालकसभेत हाच प्रयोग पालकांवर करावा. त्यांना कानडी किंवा तेलुगू एक ते दहा आणि दशके फळ्यावर लिहून द्यावीत. मग विचारावे की या भाषेत सेहेचाळीस कसे म्हणतील? बहुतेकांना पाच मिनिटांत जवळपासचे उत्तर सापडेल. नंतर वर्गातल्या एखाद्या दाक्षिणात्य पालकाला मराठी एक ते दहा आणि दशके देऊन तोच प्रश्न विचारावा. 'सेहेचाळीस' त्याला कसे सापडावे? जी गोष्ट तासभराच्या भाषणाने पटत नाही ती येथे दहा मिनिटांत पटते, आणि पटवणारा शिक्षक नसतो, शेजारी बसलेला पालक असतो.

शेवटी एक

पालकांचा हस्तक्षेप म्हटले की शिक्षकाच्या कपाळावर आठी पडते. आम्हांला वाटते की तीन प्रकारच्या तक्रारींत भेद करावा. 'आमच्या वेळी असे नव्हते' ही तक्रार नव्हे, ती आठवण आहे. ती ऐकून घ्यावी. 'हे आमच्या अस्मितेविरुद्ध आहे' या म्हणण्याला वर्गात उत्तर नाही. ते समाजाने आपसात ठरवायचे आहे. पण 'यामुळे माझ्या मुलाचे काय होईल?' हा प्रश्न शुद्ध शैक्षणिक आहे आणि त्याचे उत्तर देणे हे शिक्षकाचे आणि पाठ्यपुस्तक मंडळाचे कर्तव्यच आहे. २०१९ साली पहिल्या दोन्हींच्या गोंगाटात तिसरा प्रश्न कोणी नीट ऐकला नाही. पुस्तकाचे कर्ते बरोबर दिशेने निघाले होते, पालकही योग्य जागी अडखळले होते. दोघांची गाठ मात्र पडली ती टीव्हीच्या पडद्यावर.

यात नुकसान कोणाचे होते, हे विसरून चालणार नाही. ज्या घरात रोज संध्याकाळी कोणी पाढे म्हणून घेते, ते मूल बावन्न आणि पंचवीस यांतून कसेही पार पडते. ज्या घरात तसे कोणी नाही, किंवा घरची भाषाच वेगळी आहे, ते मूल सातव्या वर्षी छत्तीसचे त्रेसष्ट लिहिते, फुली पाहते आणि 'मला गणित येत नाही' असे ठरवून टाकते. पुढची आठ वर्षे ते हा निकाल बरोबर घेऊन फिरते. त्याला गणित येत नव्हते असे नाही. त्याला आपल्या भाषेतले एक जुने, घासलेले नाव ओळखता आले नव्हते. हा फरक त्याला सांगणारे कोणीतरी वर्गात उभे असले पाहिजे. मग पुस्तकात एकवीस छापलेले असो की वीस एक.